न्यायालयाला कुलूप लावावे लागलेच नाही

चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधले छोटे स्टेशन. १९७५ साली इथून जाणारी गाडी मीटरगेजवर धावायची. या गावातल्या कुणाचा मुलगा विनाचौकशी तुरुंगात डांबला गेला आणि त्याला उच्च न्यायालयात दाद मागायची असली, तर पूर्णा, परभणी, औरंगाबाद करत मनमाड गाठायचे, तिथे गाडी बदलायची आणि मुंबईला उतरायचे. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ साली आले. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला न्यायाचे मोठे दार म्हणजे मुंबईच.

दार लांब होते, पण उघडे होते. सरकारने कुणाचे स्वातंत्र्य बेकायदा हिरावले, तर न्यायालय सरकारला विचारील की या माणसाला कोणत्या अधिकाराने अडकवले आहे, एवढी खात्री राज्यघटनेने दिली होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या फर्मानाखाली जगलेल्या या मुलखाला त्या खात्रीची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या एका कलमाला सबंध घटनेचा आत्मा म्हटले, ते हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणारे कलम होते. हक्क कागदावर असून भागत नाही, तो मागायला दार लागते, हे त्यांनी ओळखले होते.

१२ जून १९७५ ते २८ एप्रिल १९७६ या ३२१ दिवसांत ते दार बंद झाले. आपण आणीबाणी म्हटले की २५ जूनची मध्यरात्र आठवतो. पण त्या मध्यरात्री न्यायालये शाबूत होती. खरी आपत्ती दहा महिन्यांनी भर दिवसा घडली आणि ती न्यायालयाच्या हातून घडली. तिचा हा घटनाक्रम.

गुरुवार, १२ जून १९७५. सकाळी १०

अलाहाबाद उच्च न्यायालय, दालन क्रमांक २४. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा आसनावर बसतात. समोर २५८ पानांचे निकालपत्र. १९७१ साली रायबरेलीतून इंदिरा गांधी १ लाख ११ हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या आणि हरलेले उमेदवार राजनारायण यांनी त्या निवडणुकीला आव्हान दिले होते. मार्चमध्ये पंतप्रधान स्वतः या न्यायालयात साक्षीला आल्या, तेव्हा न्यायमूर्तींनी आधीच बजावले होते की, न्यायालयात उभे राहायचे ते फक्त न्यायाधीश आल्यावर. साक्षीदार कितीही मोठा असला तरी त्याच्यासाठी नाही.

निकालात बरेच आरोप फेटाळले गेले. दोन टिकले. पंतप्रधान सचिवालयातले विशेष अधिकारी यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराच्या कामाला लागले होते. आणि सभांची व्यासपीठे, ध्वनिक्षेपक व वीज यांची सोय उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी करून दिली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार हा भ्रष्ट आचार ठरला. निवडणूक रद्द, सहा वर्षे अपात्रता. अपिलासाठी वीस दिवसांची स्थगिती.

गुन्हा केवढा आणि शिक्षा केवढी, असे तेव्हाही पुष्कळांनी म्हटले. पण सिन्हांनी नवा कायदा केला नव्हता. संसदेने १९५१ साली केलेला कायदा त्यांनी पंतप्रधानांना लावला, जसा तो कुठल्याही उमेदवाराला लागला असता. कायदा करणाऱ्यांनाही कायदा लागतो, एवढेच त्या दालनातून देशाला सांगितले गेले. त्याच संध्याकाळी गुजरात विधानसभेचे निकाल येऊ लागले. तिथेही काँग्रेसची पीछेहाट झाली.

सोमवार, २३ जून

सर्वोच्च न्यायालयाला सुटी आहे. सुटीतले न्यायमूर्ती आहेत व्ही. आर. कृष्ण अय्यर. पुढे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले की, निकालानंतर कायदामंत्री ह. रा. गोखले यांचा त्यांना फोन आला. गोखल्यांना भेटायचे होते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले गोखले काही परके नव्हते. कृष्ण अय्यरांनी काम काय ते विचारले आणि अपिलासंबंधी आहे हे कळताच सांगितले की, त्यासाठी भेट नको, अर्ज कार्यालयात दाखल करा. सत्ता आणि न्याय यांच्यामधली भिंत कधी कधी एका फोनवरच्या अशा दोन वाक्यांएवढीच असते. ती त्या दिवशी टिकली.

न्यायालयात पंतप्रधानांच्या बाजूने नानी पालखीवाला, राजनारायण यांच्या बाजूने शांती भूषण. युक्तिवाद दिवसभर चालतो.

मंगळवार, २४ जून

निकाल येतो. स्थगिती मिळते, पण सशर्त. इंदिरा गांधी पंतप्रधानपदी राहू शकतात, सभागृहात बोलू शकतात. खासदार म्हणून मात्र त्यांना मतदान करता येणार नाही, वेतन घेता येणार नाही. याच निकालात कृष्ण अय्यरांनी असेही म्हटले की, कायदा फार कठोर वाटत असेल तर तो बदलणे हे संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे. न्यायालयाने आपली रेघ ओलांडली नव्हती. संसदेची रेघही पुसली नव्हती.

मध्यरात्रीला आता दीड दिवसही उरला नव्हता.

बुधवार, २५ जून. सकाळ

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर रे दिल्लीत आहेत. त्यांना पंतप्रधानांच्या निवासस्थानी, १, सफदरजंग मार्गावर बोलावले जाते. रे नामांकित बॅरिस्टर. काहीतरी कठोर पाऊल उचलायचे आहे, त्याला घटनेत आधार शोधा, असा निरोप. रे घटनेचे पुस्तक घेऊन बसतात आणि कलम ३५२ वर बोट ठेवतात. १९७१च्या युद्धापासून बाह्य आक्रमणाची आणीबाणी देशात चालू होतीच. आता ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाने दुसरी जाहीर करायची.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास

इंदिरा गांधी आणि रे राष्ट्रपती भवनात. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद ऐकून घेतात आणि कागद पाठवायला सांगतात. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नाही. ती घ्यायची कशी, हा प्रश्नही सुटतो. कामकाजाच्या नियमांत पंतप्रधानांना तातडीच्या वेळी मंत्रिमंडळाला वगळून निर्णय घेण्याची मुभा आहे, तिचा आधार घ्यायचा असे ठरते.

संध्याकाळ, रामलीला मैदान

इकडे मैदान भरलेले. जयप्रकाश नारायण बोलतात. बेकायदा हुकूम पाळू नका, असे पोलिसांना आणि सैन्याला आवाहन करतात. हेच वाक्य पुढे आणीबाणीचे कारण म्हणून सांगितले गेले. प्रत्यक्षात निर्णय सभेच्या आधीच झाला होता. २९ जूनपासून सत्याग्रहाची हाक दिली जाते. त्यासाठीच्या लोकसंघर्ष समितीचे सचिव नानाजी देशमुख. नानाजींचे जन्मगाव कडोळी, तेव्हाच्या आपल्याच परभणी जिल्ह्यातले आणि आता हिंगोलीतले. त्या रात्री त्यांना सुगावा लागतो आणि पोलीस पोहोचण्याआधी ते निसटून भूमिगत होतात.

रात्री ११च्या पुढे

पंतप्रधानांचे पत्र आणि उद्घोषणेचा मसुदा राष्ट्रपती भवनात पोहोचतो. पाऊणबारा वाजण्याच्या सुमारास राष्ट्रपती सही करतात. देशातल्या साठ कोटी माणसांच्या हक्कांचा निर्णय झाला, तेव्हा मंत्रिमंडळातले बहुतेक मंत्री झोपेत होते.

राज्यघटनेने सत्तेला तीन लगाम घातले होते. मंत्रिमंडळाने विचारायचे, राष्ट्रपतींनी तपासायचे, न्यायालयाने पारखायचे. पहिले दोन एकाच संध्याकाळी सुटले.

मध्यरात्र

या रात्रीची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगापुढे सिद्धार्थ शंकर रे यांनी ती साक्षीत सांगितली. पंतप्रधानांच्या भाषणाचा मसुदा आटोपून रे बाहेर पडत होते. तिथे गृह राज्यमंत्री ओम मेहता यांच्याकडून त्यांना कळले की, सकाळी उच्च न्यायालयांना कुलपे लावायची आणि वर्तमानपत्रांची वीज तोडायची असे ठरले आहे. रे चमकले. आणीबाणी असली तरी न्यायालय बंद करता येत नाही, हे या वकिलाला पक्के ठाऊक होते. पंतप्रधान झोपायला गेल्या होत्या. त्यांना भेटल्याशिवाय मी हलणार नाही म्हणून ते तिथेच थांबले. इंदिरा गांधी आल्या आणि असे काही होणार नाही, असे त्यांनी सांगितले.

दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज त्या रात्री गेलीच. न्यायालयांना मात्र कुलूप लागले नाही.

ते कुलूप लागते तर कदाचित बरे झाले असते. बंद दारावरचे कुलूप सगळ्यांना दिसते. रस्त्याने जाणारा माणूसही थांबून विचारतो, हे कुणी लावले? पण इमारत उघडी राहिली, पट्टेवाले उभे राहिले, तारखा पडत राहिल्या, आणि आतला न्याय हळूहळू काढून घेतला गेला.

गुरुवार, २६ जून. पहाटे ३च्या सुमारास

गांधी शांती प्रतिष्ठानात झोपलेल्या जयप्रकाशांना पोलीस उठवतात. देशभर धरपकड सुरू झालेली आहे. मोरारजी देसाई, चंद्रशेखर अटकेत. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले मधू दंडवते, अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी तिथेच पकडले जातात.

सकाळी ६

मंत्रिमंडळाची बैठक. झालेल्या गोष्टीला मान्यता द्यायची आहे. संरक्षणमंत्री स्वर्णसिंग तेवढा एक प्रश्न विचारतात. बाकी शांतता. अर्ध्या तासात सगळे संपते.

सकाळी ८च्या सुमारास

आकाशवाणीवर पंतप्रधानांचा आवाज. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचे कारण नाही. मराठवाड्यात हे पेरणीचे दिवस. नांदेडचे शंकरराव चव्हाण त्याच फेब्रुवारीत राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. हातात तिफण आणि नजर आभाळाकडे असलेल्या माणसाला त्या सकाळी काय बदलले ते कळणे अवघड होते. पण काहीतरी बदलले होते, आणि ते ओळखणाऱ्यांपैकी एकाने त्याच दिवशी ते कृतीने सांगितले. नानी पालखीवालांनी इंदिरा गांधींचे वकीलपत्र परत केले.

२७ आणि २९ जून

आता कागदाचे काम. २७ तारखेला राष्ट्रपतींचा आदेश निघतो. कायद्यापुढे समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेविरुद्धचे संरक्षण, म्हणजे कलम १४, २१ आणि २२, या हक्कांसाठी कोणत्याही न्यायालयात जाता येणार नाही. हक्क रद्द केले, असे आदेश म्हणत नाही. ते मागायला जाण्याचा रस्ता तेवढा बंद करतो. दोनच दिवसांनी अध्यादेशाने ‘मिसा’ हा विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा आणखी आवळला जातो. ज्याला पकडले त्याला पकडण्याचे कारण सांगायची आता गरज नाही.

आणीबाणी संपेपर्यंत मिसाखाली देशात ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली. हा आकडा शहा आयोगाचा आहे.

१ ऑगस्ट

अडतिसावी घटनादुरुस्ती. आणीबाणी जाहीर करण्याचा निर्णय न्यायालयात तपासता येणार नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट ते रविवार, १० ऑगस्ट

सोमवारी, ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयात इंदिरा गांधींचे अपील सुनावणीला येणार आहे. त्याआधीचे चार दिवस नीट बघावेत. गुरुवारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली जाते आणि त्याच दिवशी मंजूर होते. शुक्रवारी राज्यसभेत मंजूर. शनिवारी राज्यांच्या विधानसभा खास अधिवेशन भरवून मान्यता देतात. रविवारी, सुटीच्या दिवशी, राष्ट्रपतींची सही. विरोधी बाकांवरचे अनेक खासदार तुरुंगात आहेत.

या दुरुस्तीने ३२९-अ हे नवे कलम घातले. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद यापुढे न्यायालयात जाणार नाही. एवढ्यावर ते थांबले नाही. त्याच्या चौथ्या खंडाने सांगितले की, आधीच्या कोणत्याही न्यायालयाने काहीही निकाल दिला असला तरी ती निवडणूक वैधच समजली जाईल. त्याच आठवड्यात निवडणूक कायदाही पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला होता. ज्या दोन मुद्द्यांवर सिन्हांनी निकाल दिला, त्यांच्या खालची जमीनच काढून घेतली गेली होती.

इथे न्यायालय आणि संसद यांच्यातली रेघ अगदी स्वच्छ दिसते. कायदा करणे हा संसदेचा अधिकार, तो बदलणे हाही तिचाच. पण कायदा करणे वेगळे आणि अमुक खटल्यात अमुक जिंकला असे लिहिणे वेगळे. गावच्या पंचायतीने बांधाचा नियम बदलावा. दोन भावांच्या चालू भांडणात थोरला जिंकला असा ठराव करू नये. तो ठराव त्या ऑगस्टमध्ये देशाच्या संसदेने केला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. बदललेल्या कायद्याच्या आधारे इंदिरा गांधींची निवडणूक वैध ठरते. संसदेचा कायदा करण्याचा अधिकार न्यायालय मानते. पण तो चौथा खंड न्यायालय रद्द करते. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात सांगितलेली घटनेची मूलभूत चौकट त्याने मोडली, म्हणून. हे करणाऱ्यांत न्यायमूर्ती यशवंतराव विष्णू चंद्रचूडही होते. खेड तालुक्यातल्या कनेरसरचे हे घराणे. कुणासाठी तरी कायद्याबाहेरची जागा निर्माण करणे समतेला आणि कायद्याच्या राज्याला धरून नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

म्हणजे आणीबाणी असतानाही न्यायालय उभे राहू शकत होते. ते पुढे लक्षात ठेवावे लागते.

१९७५ची अखेर

उच्च न्यायालयेही उभी होती. मुंबईत माजी न्यायमूर्ती एन. पी. नथवानी आणि इतर वकिलांना बंद सभागृहात एक बैठक घ्यायची होती. विषय होता नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने ते निर्बंध उडवून लावले. स्थानबद्धांच्या अर्जांवर तर एक ना दोन, नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की, राष्ट्रपतींचा आदेश असला तरी अटक त्या कायद्यातच बसते का आणि ती आकसाने केली आहे का, हे आम्ही तपासणार. त्यांत नागपूर खंडपीठही होते. पुढच्या वर्षी देशातल्या १६ उच्च न्यायालय न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या.

सरकार या निकालांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिले नाव जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे होते, म्हणून खटल्याचे नाव ‘एडीएम जबलपूर’.

डिसेंबर १९७५, सर्वोच्च न्यायालय

पाच न्यायमूर्ती. सरन्यायाधीश अजितनाथ रे, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, य. वि. चंद्रचूड आणि पी. एन. भगवती. सरकारच्या बाजूने महान्यायवादी नीरेन डे. खन्ना त्यांना विचारतात: कलम २१ मध्ये जीविताचाही हक्क आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्याला ठार केले, तर काय उपाय? नीरेन डे उत्तर देतात की, आणीबाणी आहे तोवर न्यायालयात काही उपाय नाही.

उत्तर ऐकल्यावर दालनात इतर कुणी काही विचारायला हवे होते. प्रश्न खन्नांचाच राहिला.

बुधवार, २८ एप्रिल १९७६

निकाल. चार विरुद्ध एक. राष्ट्रपतींचा आदेश लागू आहे तोवर स्थानबद्ध माणसाला कोणत्याही उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा, म्हणजे मला कोणत्या अधिकाराने अडकवले असे विचारणारा, अर्ज करता येणार नाही. अटक कायद्याला धरून नसली तरी. ती आकसाने केलेली असली तरी. नऊ उच्च न्यायालयांनी उघडे ठेवलेले दार देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लावून घेतले. न्यायमूर्ती बेग यांनी निकालात लिहिले की, सरकार स्थानबद्धांची घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे.

एकटे खन्ना विरोधात. त्यांच्या मतभेदाचा गाभा साधा होता. जगण्याचा हक्क घटनेने जन्माला घातलेला नाही. घटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या राज्यात कुणाला मनमानीने मारता वा कोंडता येत नव्हते. मग एक कलम स्थगित झाले म्हणून माणूस निराधार कसा होईल? खन्नांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, या निकालाने माझे सरन्यायाधीशपद जाईल, हे त्यांनी बहिणीला आधीच सांगितले होते. तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

आपत्ती म्हणतो ती ही. २५ जूनची सही सरकारची होती आणि सरकारवर लगाम असावा म्हणूनच न्यायालय होते. लगाम धरणाऱ्याने तो स्वतःहून सोडला, त्या क्षणी चुडाव्याहून मुंबईपर्यंतचा तो प्रवास निरर्थक झाला. स्टेशन होते, गाडी होती, मुंबईत उच्च न्यायालयाची दगडी इमारतही होती. दाद नव्हती.

नंतरची वर्षे

डिसेंबर १९७६ मध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती आली आणि घटनादुरुस्ती न्यायालयात तपासण्याचा अधिकारच काढून घेतला गेला. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलले. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही, असे ठरले. आणि कलम २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. न्यायालयाने जे गमावले, ते संसदेने परत केले. सत्तेचा समतोल असा दोन्ही बाजूंनी सांभाळावा लागतो. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने दुरुस्त करायची असते.

१९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीचा तो भाग रद्द झाला. निकाल देणारे सरन्यायाधीश होते य. वि. चंद्रचूड. २०११ मध्ये भगवतींनी जबलपूर निकालात आपली चूक झाल्याचे उघडपणे मान्य केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल दिला, त्यात जबलपूरचा निकाल नाव घेऊन रद्द केला. ते लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड. वडिलांचा निकाल मुलाने चुकीचा ठरवला. त्याला ४१ वर्षे लागली.

शुक्रवार, ४ जुलै २०२५. औरंगाबाद खंडपीठ

दाराची ही गोष्ट जिथून सुरू झाली, त्या मराठवाड्यातच, परभणीत संपते. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरची राज्यघटनेची प्रतिकृती फोडण्यात आली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले गेले.

त्याची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. कोठडीत मृत्यू झाला की दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६ सांगते. चौकशीचा अहवाल आल्यावर पुढे काय, हे ते सांगत नाही. खंडपीठाने या पोकळीवर बोट ठेवले आणि ४ जुलैला गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तपासाचे आणि दोषाचे काय ते पुढे ठरेल. इथे मुद्दा दाराचा आहे.

कायद्यात जागा रिकामी असेल तर न्यायालयाने ती भरावी का, हा वाद जुना आहे आणि तो असावाही. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: अटक करणाऱ्याची नावपट्टी स्पष्ट हवी, अटकेचा पंचनामा हवा, घरच्यांना कळवायला हवे. पुढे संसदेनेच ते फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात घातले. न्यायालयाने आधी लिहावे आणि संसदेने ते स्वीकारावे, बदलावे किंवा अधिक चांगले करावे, हा त्यातला निकोप मार्ग. आपल्या हाती नसलेली धोरणे न्यायालयाने ठरवायला घेतली तर तीही रेघ ओलांडणेच. पण कोठडीतल्या माणसाचा जीव हा न्यायालयाच्या रेघेच्या आतला, अगदी मधला विषय आहे. तिथे पोकळी आहे म्हणून गप्प बसणे म्हणजे पुन्हा २८ एप्रिल.

चुडाव्यात आज पोलीस ठाणे आहे. तिथे किंवा देशातल्या कुठल्याही ठाण्यात कुणाला रात्री नेले, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तो नियम भिंतीवर टांगलेला असतो म्हणून पाळला जात नाही. तो मोडला तर विचारणारा कुणीतरी बसलेला आहे, या धाकाने पाळला जातो. तो विचारणारा न बोलता बसला, तर काय होते ते १९७६ने दाखवले. आणि सरकारच्या आईच्या मायेवर न विसंबता एक खरी आई दार वाजवायला गेली, तर काय होते ते २०२५ने.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. न्यायाधीशांच्या नेमणुका, बदल्या, डावलली गेलेली ज्येष्ठता या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात. त्या वाचत जा. कुलूप बाहेरून लावायची गरज पडू नये, याची तयारी तिथेच चाललेली असते.